आठांपैकी शून्य

बुदाई,
७ मार्च २०२३

ती. सू-छिंग आत्यास,
वान-रौचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना तू एकीकडे दुकानात अंड्याची धिरडी उलटतेस आणि माझं अर्धंच ऐकतेस, म्हणून हे पत्र.

आमचे हेडमास्तर पाच दिवसांच्या प्रशिक्षणाहून मेंदू घेऊन आलेत. प्लॅस्टिकचा. त्यांच्या मते चिनी डाव्या बाजूला राहते, इंग्रजी उजव्या. त्यामुळे शिकवताना मी भाषा बदलली की चौथीची बावीस मुलं खुर्च्या उचलून वर्गाच्या दुसऱ्या बाजूला जातात. शिवाय मेंदूला दर दहा मिनिटांनी पाणी. निम्मा वर्ग कायम संडासात.

आता बुद्धी आठ प्रकारची असते म्हणून चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. एका मुलाला सात बुद्ध्या निघाल्या. त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. फक्त यू-छेनला एकही नाही. तिचे आजोबा खाडीत कालवांची शेती करतात. पोरगी वर्गात दोन्ही भाषांत गप्प, आणि फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. २४ तारखेला निरीक्षक येणार. वर्गातल्या निकालाच्या तक्त्यावर शून्य दिसायला नको, तिला विशेष वर्गात पाठवू, असं हेडमास्तर म्हणतात. मी म्हणते, तिचा फॉर्म मीच भरून टाकते. चार खुणा केल्या की सुटली. तुला काय वाटतं?

तुझी,
वान-रौ

ताइनान,
११ मार्च

चि. वान-रौस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

हेडमास्तरांना इकडे पाठव. आमच्या गल्लीत डुकराच्या मेंदूचं सूप मिळतं, प्रशिक्षण न घेता.

फॉर्मला हात लावू नकोस. मी घरकामासाठी शाळा सोडली असं तुझा बाप सांगतो. त्याला तेवढंच माहीत आहे. आमच्या वेळी शाळेत फक्त चिनी चालायची, घरची बोली तोंडून निघाली की गळ्यात पाटी अडकवायचे. दुसरीत ती दोन दिवस माझ्या गळ्यात होती. पुढे सहावीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. मास्तरांनी लिहिलं, मुलगी मंद आहे. मलाही ते पटलं आणि मी शाळा सोडली. नंतर दुकानात तीस गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवताना शंका यायला लागली, पण तोवर मास्तर वारले होते.

पोरीला आपल्या बोलीत विचार. निघेल ते निघू दे.

जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.
तुझी आत्या

बुदाई,
२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांना तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

यू-छेनला पायरीवर बसवून आपल्या बोलीत प्रश्न वाचून दाखवले. ‘मी गणितात हुशार आहे’ यावर तिने विचारलं, कोणापेक्षा. ‘मला माझ्या भावना कळतात’ यावर म्हणाली, मग दुसऱ्या कोणाला कळणार. सगळीकडे ‘नाही’ का, तर आजीने सांगितलंय, स्वतःची बढाई मारायची नाही. मी फॉर्म बदलला नाही. शून्य तक्त्यावर तसंच लावलं.

निरीक्षकांसमोर धडा होता तरंगण्या-बुडण्याचा. खुर्च्या हलवल्या नाहीत. डोक्यात भाषांच्या वेगळ्या खोल्या नसतात, एकीचं दुसरीला ऐकू जातं, हे मी कधीच वाचलं होतं. बोलायचं धैर्य नव्हतं. मुलांना सांगितलं, आधी हव्या त्या भाषेत भांडून घ्या, मग चिनीत सांगा, मग इंग्रजीत. भांडण रंगलं आणि यू-छेन उठली. कालवं वाढली की ती टांगलेला तराफा जड होऊन बुडायला लागतो, म्हणून आजोबा थर्माकोलचे आणखी ठोकळे बांधतात, त्यांत हवा असते, असं तिने आधी बोलीत सांगितलं, मग चिनीत. इंग्रजीत चारच शब्द, पण चारही बरोबर. निरीक्षकांनी विचारलं, हिची बुद्धी कोणती. हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, शोध चालू आहे.

विशेष वर्गाची गोष्ट बंद झाली. मात्र वर्गात मंजूर नसलेली बोली वापरल्याबद्दल हेडमास्तरांनी पुढच्या सत्रापासून माझा वर्ग काढून घेतलाय. मला कवायतीचे तास दिलेत. एक दिवस रडले, मग जेवले.

काल यू-छेनने पहिल्यांदा आपण होऊन हात वर केला. मी कौतुकाने पुढे झाले. ती म्हणाली, बाई, तुम्ही फार बोलता, आम्हाला मधे शिरायला जागाच राहत नाही.

मी खाली बसले. ती बराच वेळ बोलत होती.

तुझ्या मायेत भर पडो,
वान-रौ