मनुकांचा निसू

विल्मर फॉल्स, ओहायो
९ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. सायमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुम्हां कोर्पीकरांविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तरी ते चुलीपाशी उभ्याने न वाचता खुर्चीवर बसून वाचावे. काल आईचे पार्सल पोचले. त्यात दरवर्षीप्रमाणे वेणीसारखा वळलेला वेलदोड्याचा गोड पाव, म्हणजे आपला निसू, होता. मी यथाविधी कॉफी केली, सुरी पुसली, पहिला काप कापला, आणि आत मनुका निघाल्या. एक नव्हे, दोन नव्हे. जिकडे पाहावे तिकडे मनुका. आपल्या घरात मनुका फक्त ताउनोला आवडायच्या, आणि मी माझ्या वेचून त्या भावाच्या बशीत टाकायचो. आई हे विसरली म्हणावे, तर माझा पहिला दात कुठल्या वारी आला तेही ती अजून सांगते. पन्नाशीला टेकलेल्या, संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्या निरुपद्रवी मुलावर हा घाला का, याचा खुलासा व्हावा.

इकडे कुशल आहे. कॉलेजने सगळ्या शिक्षकांकडून राजनिष्ठेची शपथ लिहून घेतली. मी सरकार बळाने उलथून टाकणार नाही, असे लिहून दिले आहे. माझ्या खोलीची खिडकीही मला बळाने उघडत नाही, हे सरकारला कोणी कळवलेले दिसत नाही. वर्गात विद्यार्थी चार, त्यांतला एक झोपतो. उरलेल्या तिघांना घेऊन क्रांती करायची तर आधी त्यांची धातुरूपे पाठ व्हायला हवीत.

तुझे यजमान रूडी अजून रेडिओसमोर बसून लाल बावट्याच्या माणसांच्या नावाने बोटे मोडतात ना? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि मी शपथ घेतल्याचे आवर्जून सांग. मेहुणा अधिकृतपणे निरुपद्रवी ठरला याचा त्यांना आनंद होईल.

आईची खुशाली कळव. मनुकांवाचूनचा लोभ असावा.

तुझा,
आर्वो


कोर्पी, मिनेसोटा
२१ फेब्रुवारी १९५४

ती. आर्वोदादास सा. न. वि. वि.

तुझी तक्रार आईला वाचून दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, आर्वोला म्हणावं मनुका वेचून ठेव, टाकू नकोस. म्हणून तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं ते कळवते.

जानेवारीत एका शनिवारी सरकारी माणूस आला. अंगात लांब कोट, पायांत शहरी बूट, नाक गारठून लाल. आपली रीत तुला ठाऊक आहे. शनिवारी सौना, आपली वाफेची न्हाणी, तापलेली असताना दारात जो येईल त्याला आधी आंघोळीला बोलवायचं. आईने त्याच्या हातात टॉवेल दिला. तो बिचारा इतका गडबडला की टॉवेल मांडीवर घेऊनच बसून राहिला. मग तिने कॉफी ओतली, निसू कापला, आणि त्याने जे विचारलं ते पाहुण्याला सांगावं तसं सांगत गेली. हो, फिन लोकांच्या हॉलमध्ये मी स्वयंपाक करायची. हो, त्या वेळी हॉलमधल्या सगळ्यांनाच कम्युनिस्ट पार्टीचं कार्ड मिळालं, मला एप्रनबरोबर मिळालं. हो, माझा मधला मुलगा रशियात गेला, तिथे कारेलियाच्या जंगलात कामगारांचं राज्य उभारतायत म्हणून. मी डोळ्यांनी खुणावतेय, चुलीवरची झाकणं आपटतेय. तर मलाच म्हणाली, पाहुणा बसलाय आणि हा काय गोंधळ मांडलायस सायमे! त्याने दोन काप खाल्ले, आभार मानले आणि सगळं लिहून घेऊन गेला.

मग नोटीस आली. बाबा खाणीतल्या संपात होते म्हणून त्यांना नागरिकत्व कधी मिळालं नाही, आणि त्यांच्यामागे आईनेही कधी मागितलं नाही. परकी बाई, त्यातून एके काळची कम्युनिस्ट. नव्या कायद्याने तिला फिनलंडला परत पाठवता येतं. मे महिन्यात डुलूथला सुनावणी आहे. दादा, तिला तिथून येऊन पन्नास वर्षं झाली. तिथे तिचं कोण उरलंय?

रूडीचं म्हणणं, कायदा बरोबर आहे, फक्त घर चुकलंय. ज्यांनी ताउनोला गिळलं त्यांचं बी इथे रुजू नये म्हणून सरकारने दारोदार हिंडायलाच हवं. एवढं बोलला आणि हातोडी घेऊन आईच्या घराची मोडकी पायरी ठोकत बसला.

आता मनुका. उठता उठता त्या माणसाने विचारलं, मुलगा हल्ली पत्रात काय लिहितो? हल्ली! सदतीस सालानंतर त्याचं एक अक्षर आलेलं नाही. आपण सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला पुरून टाकलं. आणि सरकार विचारतंय हल्ली काय लिहितो. आईच्या डोक्यात तेव्हापासून एकच, सरकारला तो जिवंत वाटतो, म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार. दुसऱ्या दिवशी तिने मनुका आणवल्या.

आणखी एक. सगळ्यांची आंघोळ झाल्यावर शेवटची वाफ आपण सौनातल्या म्हाताऱ्या भुतासाठी ठेवतो ना, तिथे आता आई कोमट पाण्याची बादली आणि ताउनोचा सदरा ठेवते. रविवारी सकाळी मी सदरा आणायला जाते. तो ओला असतो. वाफेनेच असणार. पण मी हल्ली रूडीला सोबत नेते.

लवकर लिही. जीव टांगणीला आहे, माया आहेच.

तुझी,
सायमी


विल्मर फॉल्स
६ मार्च १९५४

चि. सौ. सायमीस अनेक आशीर्वाद.

तक्रार मागे घेतो. मनुका एका वाटीत वेचून ठेवल्या आहेत. त्यांचे काय करायचे ते मला कळत नाही.

डुलूथमधले हेडलुंड वकील स्वीडिश आहेत, पण भले आहेत. त्यांचे म्हणणे असे की आईने फक्त एवढेच सांगावे: मला इंग्रजी येत नव्हते, कार्डावर काय लिहिले होते ते कळले नाही, मी कॉफी करत होते. शिवाय म्हातारपणाने तिला नीट आठवत नाही, अशी घरच्या शिकलेल्या माणसाने शपथेवर साक्ष द्यावी. घरचा शिकलेला माणूस म्हणजे अस्मादिक. मी होकार दिला आहे. एक शपथ घेतलीच आहे, दुसरीने काय बिघडते?

रूडीला माझे सांग. ज्या सत्तेने ताउनोला गिळले ती राक्षसीण होती, यात आमचे दुमत नाही. पण एका म्हातारीच्या एप्रनचा जाब विचारणारी सत्ता तिची धाकटी चुलतबहीण शोभते. माणसाच्या मनात काय आहे ते हुडकण्याचा हक्क एकदा सरकारला दिला की ते कुठल्या पायरीवर थांबेल, हे पायरी ठोकणाऱ्याने तरी सांगावे.

ताउनो जाण्याआधी आमचे हेच भांडण व्हायचे, तुला आठवत असेल. तू बटाटे सोलत असायचीस. मी स्वातंत्र्य स्वातंत्र्य करायचो. तो म्हणायचा, प्रोफेसर, तुझं स्वातंत्र्य म्हणजे बेकाराला हवं त्या रस्त्यावर उपाशी मरायची मोकळीक. खाण बंद होती, त्याच्या खिशात दमडी नव्हती. मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही, फक्त मी आता त्याला अभ्यास म्हणतो.

आमच्या शास्त्रात दंडापूपन्याय म्हणून एक आहे. काठीला अपूप, म्हणजे गोड पुऱ्या, लटकवलेल्या होत्या. उंदराने काठीच खाल्ली म्हटल्यावर पुऱ्या उरल्या का, हे विचारायचे नसते. ज्या राज्याने आपल्याच पुढाऱ्यांना खाल्ले त्याने मिनेसोटाहून आलेला एक साधा कामगार सोडला असेल का? तर्क बिनचूक आहे. इतकी वर्षे मी याच तर्काला उशी करून झोपलो. तेव्हा आईला समजाव, आणि तो सदरा सौनात ठेवू देऊ नकोस.

कळावे. लोभ आहे तितका पुरे, काळजी कमी कर.

आर्वो


कोर्पी
२ मे १९५४

ती. दादास सा. न. वि. वि.

सदरा काढून घेतला होता. पुढच्या शनिवारी आईने दुसरा शिवला, नव्या कापडाचा, आणि मापाने थोडा मोठा. म्हणाली, आता त्याचं अंग सुटलं असेल.

तुझे हेडलुंड साहेब येऊन गेले. त्यांनी आईकडून उत्तरं घोकून घेतली. कळलं नाही, आठवत नाही, कॉफी करत होते. आई मान डोलवत होती. मला वाटलं जमलं. काल सौनात माझ्या पाठीवर बर्चची डहाळी मारता मारता तिने सांगितलं की ती असलं काही म्हणणार नाही. कार्ड माझं होतं, मला सगळं कळत होतं, असंच सांगणार. म्हणजे ते तिला फिनलंडला धाडतील. म्हणाली, तिथून कारेलिया किती लांब? रेल्वेने एक दिवस. तिला जायचंच आहे गं बाई, असं मी मलाच मोठ्याने म्हणाले, दादा.

मी म्हटलं, सरहद्दीवर तारांचं कुंपण आहे, गोळ्या घालतात. तर म्हणाली, कुंपण माणसांनी घातलेलं असतं, सशांना वाट सापडते. बहात्तराव्या वर्षी ती ससा व्हायला निघालीय.

रूडीने समजावून पाहिलं. तिने त्याचंच त्याच्या गळ्यात घातलं. तूच म्हणतोस ना जावईबापू, सरकार आपल्याकडून घेतं, देत कधीच नाही? आता तिकीट देतंय तर घेऊ दे की. रूडी लाकडं फोडायला म्हणून मागे गेला. बराच वेळ कुऱ्हाडीचा आवाज आला नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, भुसा गेला.

आणि ऐक, तुझ्यासाठी त्याचा निरोप आहे. म्हणतो, तिकडे पहाटे येऊन माणूस उचलतात, इथे तारीख देतात, वकील देतात, दोन काप खाऊन आभार मानतात. या दोन सत्तांना बहिणी म्हणू नकोस. पण स्वातंत्र्याचे एवढे धडे देणारा तू, म्हातारीला गप्प करायला तुला तिच्या तोंडावर सरकारचाच हात हवा? तिला वेडी ठरवून घरात ठेवशील, तर तिने कुणाच्या घरात राहायचं, तिच्या की तुझ्या?

मला यातलं काही कळत नाही. मला आई हवी आहे. तू शिकलेला आहेस, तू ये आणि तिला थांबव. सुनावणीच्या दिवशी मी इथेच राहीन, गाईंना कोणीतरी पिळायला हवं. रूडी तिला गाडीने नेईल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सायमी


डुलूथ
१९ मे १९५४

चि. सौ. सायमीस अनेक आशीर्वाद.

हे स्टेशनवरच्या बाकावरून लिहितो आहे. दुपारची वेळ आहे, सरोवरावर धुके आहे, माझी गाडी यायची आहे. आई आणि रूडी घरी निघालेत. रूडी तुला काही सांगणार नाही, आणि आई फक्त कॉफी पातळ होती एवढेच सांगेल, म्हणून हे.

अधिकारी सभ्य होता. त्याला सर्दी झाली होती. आईने आधी त्याला छातीला काय चोळायचे ते सांगितले, दुभाष्याने ते भाषांतर करावे की नाही या विचारात घाम पुसला. मग प्रश्न सुरू झाले. कार्डावर काय आहे ते तुम्हांला कळत होते का? आई म्हणाली, हो, ते फिनिशमध्ये वाचून दाखवले होते, आणि सही मी केली, ती कुणी माझा हात धरून केली नाही. पार्टीला काय हवे होते? म्हणाली, सात वाजता कॉफी, आणि कुणी कुणाचा मालक नसावा. दोन्ही ठीक वाटलं. आता काय वाटते? तेव्हा ती उभी राहिली. म्हणाली, त्यांनी माझा मुलगा नेला, त्यांना मी कॉफीचा गाळसुद्धा देणार नाही. पण मी तेव्हा खुळी नव्हते, आणि आज तुमच्यासाठी खुळी होणार नाही.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले. हळूच विचारले, आजी, नीट आठवून पाहा, तुम्हांला खरंच कळलं होतं? तो तिला दार उघडून देत होता, सायमे. हेडलुंड मान हलवून हलवून थकले. ती म्हणाली, आठवलं.

मग मला बोलावले. आईची स्मृती शाबूत आहे का? मी गाडीत पाठ करून आलो होतो: गेली काही वर्षे तिच्या बोलण्यात विसंगती वगैरे. मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती पिशवीतून निसूचा काप काढून रूडीला देत होती, आणि रूडी तो भर सुनावणीत मान खाली घालून खात होता. मी म्हणालो, शाबूत आहे. माझ्या विद्वत्तेच्या आयुष्यातले हे सर्वांत आखूड वाक्य. रूडीला सांग, तो वाद त्याने जिंकला. इतका आनंद न झालेला विजेता मी पाहिला नाही.

हुकूम झाला आहे. सप्टेंबरात जहाज. अपील करता येते, पण तिच्या सहीशिवाय नाही, आणि ती सही करणार नाही. तू माझ्यावर रागाव. आईला थांबवावे असे तुला वाटत होते आणि मी थांबवले नाही.

जाताना तिने माझा चष्मा पुसून दिला आणि विचारले, मनुका ठेवल्यास ना? मी हो म्हणालो. म्हणाली, पाठवून दे, बरोबर नेईन.

तिला पाठवतील याची मला भीती नाही. वाटेत मरेल याचीही तेवढी नाही. ताउनो मेला, हा माझा तर्क होता आणि मला त्याची सवय झाली होती. मेलेला माणूस कुणाची वाट पाहत नाही. सायमे, मला भीती वाटते ती तो जिवंत असेल याची.

लोभ असू दे.

तुझा दादा,
आर्वो