फोटोत उरलेलं कोपर

अहो,

'प्रिय' असं लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. तुम्ही असताना कधी लिहिलं नाही, मग आता कशाला? इतकी वर्षं 'अहो' म्हटलं की तुम्ही वळून बघायचात. तेच बरं.

लिहायचं कारण सांगते. तुमच्या वर्षश्राद्धाला विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली. जाड कागद, रंगीत मुखपृष्ठ. तुमच्या लाडक्या शिंदेने, आता प्राचार्य झालाय तो, सभागृहाच्या दारात उभं राहून स्वतः वाटली. प्रत्येकाच्या हातात एक स्मरणिका आणि वर एक पेढा. श्राद्धाच्या कार्यक्रमाला पेढे देत नाहीत, हे त्याला तुम्ही शिकवलं नाहीत वाटतं.

मधल्या पानावर एक फोटो आहे. तुम्ही दगडी जोत्यावर बसला आहात. मांडीवर उघडी वही, हातात पेन, नजर लांब कुठेतरी. खाली छापलंय, 'मोसम खोऱ्यात संशोधन करताना सर.' फोटोच्या उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसतं आणि सुपाची कड.

ते कोपर माझं आहे. आणि वहीसुद्धा माझी.

हे इथवरच असतं तर मी स्मरणिका कपाटात टाकून दिली असती. पण माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. तीच, किल्लेदाराच्या मुलीची आणि सुरतेहून बैलांवर माल आणणाऱ्या तांड्यातल्या तरुणाची. प्रकाशकांनी स्मरणिका पाहिली आणि त्यांच्या डोक्यात दिवा लागला. मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली 'मूळ संशोधन' असं लिहून तुमचं नाव घालायचं आणि आत हा फोटो. मुखपृष्ठाचा नमुनाही घेऊन आले होते. कड्याच्या टोकावर उभी मुलगी, पदर वाऱ्यावर.

"मॅडम, सरांना खरी श्रद्धांजली होईल," ते म्हणाले.

"आणि खपही वाढेल," मी म्हटलं.

"तेही आहेच."

निदान खोटं बोलले नाहीत. उद्या सकाळी माझं उत्तर न्यायला येणार आहेत.

निखिलला फोन केला. आपला मुलगा तुमच्यासारखाच शांत बोलतो. फोटोही त्यानेच अल्बममधून काढून शिंदेला दिला होता. म्हणाला, "आई, हो म्हणून टाक ना. बाबा आता आहेत का? तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय, हे त्याला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला तरी ते कळायला हवं होतं.

तुम्हाला ठाऊक आहे, माझे वडील मोसमकाठच्या गावात शाळामास्तर होते. आमच्या खिडकीतून गड दिसायचा. सकाळी तो निळा असायचा आणि दुपारी उन्हात नुसता भाजलेला दगड. शेजारच्या वैजंताबाई पहाटे जात्यावर बसायच्या आणि त्या किल्लेदाराच्या मुलीची ओवी गायच्या. मी गोधडीतून ऐकायचे. रोज थोडी पुढे जायची. मुलगी पाण्याला गेली, तांडा नदीकाठी उतरला, त्याने तिला आरसा दाखवला. आणि तेवढ्यात वडिलांची नांदगावला बदली झाली. बैलगाडीत सामान चढलं आणि माझी गोष्ट अर्धीच राहिली.

शेवट काय झाला, हे मला माहीत नव्हतं. नांदगावला नाही, नाशिकच्या कॉलेजात नाही, लग्नानंतर तुमच्या घरातही नाही. तुमच्या आईंना मी एकदा त्यातल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या, तर त्या म्हणाल्या, "ही असली भाषा आपल्या घरात नको." तुम्ही पेपर वाचत होतात. पान उलटलंत.

तरी मी गेले. निखिल शाळेत जायला लागल्यावर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले, आणि तुम्ही सोबत आलात. ते नाकारणार नाही. एसटीची रांग तुम्ही धरायचात, पाण्याचा थर्मास तुम्ही उचलायचात. पण तुम्ही कुठे बसायचात? ओट्यावर. तुम्ही प्राध्यापक, शहरातून आलेले. तुमच्यासाठी बाज टाकली जायची, चहा यायचा, गावातली पुरुषमंडळी जमायची आणि तुम्हाला गडाचा इतिहास सांगायची. त्यांनी सांगितलेला शेवट एकच. बाप चिडला, तांडा उधळला, पोरीने कड्यावरून उडी घेतली. घराण्याची अब्रू राहिली.

मी मागच्या अंगणात असायचे. तिथे पेरणीच्या बियाण्यासाठी शेंगा फोडायचं काम चालायचं. पहिल्या दिवशी मी वही उघडून बसले, तर सगळ्या बायका गप्प. वैजंताबाई तेव्हा पार थकल्या होत्या, पण जीभ तीच. म्हणाल्या, "वही ठेव बाजूले. शेंगा फोड, मंग सांगसू."

तिथे मी शिकले. हाताला काम असलं की बाई बोलते. समोर वही दिसली की ती पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते, जे सगळ्यांना चालेल तेवढंच. म्हणून मी शेंगा फोडायचे, ऐकायचे, डोक्यात साठवायचे आणि परतताना एसटीत उतरवून काढायचे. खड्ड्यांमुळे अक्षर असं यायचं की घरी आल्यावर माझं मलाच लागायचं नाही. याला तुमच्या कॉलेजात काय म्हणायचे? काहीच नाही. सूप घेऊन बसलेल्या बाईला संशोधक म्हणायची तुमच्याकडे सोयच नव्हती.

त्या दिवशी तुम्ही परसात आलात, एसटीची वेळ झाली म्हणून सांगायला. तुम्हाला बघून बायकांनी पदर सावरले आणि ओवी थांबली. मला अजून थोडं ऐकायचं होतं. मी म्हटलं, "आलेच, ही वही धरा जरा." तुम्ही जोत्यावर बसलात, वही उघडलीत, त्यातलं पेन हातात घेतलंत. शिंदे तेव्हा तुमचा विद्यार्थी, नवा कॅमेरा घेऊन आपल्याबरोबर आलेला. त्याने तेवढ्यात बटण दाबलं.

वैजंताबाईंनी मला हळूच विचारलं, "तुना नवरा काय लिखी राहिना?"

मी म्हटलं, "काही नई. धरी बठेल शे."

नुसता धरून बसलाय, म्हटल्यावर सगळं अंगण हसलं. तुम्हीही हसलात. तुम्हाला वाटलं, फोटोला हसतायत.

मग तुम्ही ओट्यावर परत गेलात, तुमच्या मागे शिंदे गेला, आणि मला शेवट मिळाला. तुम्ही तिथून उठल्यावर मिळाला, हे लक्षात घ्या.

ओवीतली मुलगी उडी घेत नाही. पहाटे दळण अर्धं टाकून ती गड उतरते, तांड्याबरोबर जाते आणि बुऱ्हाणपुरात कापडाचं दुकान थाटते. तिला पोरं होतात, ती म्हातारी होते. दर जत्रेला ती कुणातरी तांडेवाल्याच्या हाती गावातल्या बायकांना बांगड्या पाठवते. बापाने गावात सांगितलं, पोरीने जीव दिला. ओट्यावर तेच चालत आलं. बांगड्या मागच्या दाराने यायच्या, म्हणून खरं काय ते मागच्या दारालाच ठाऊक.

ते ऐकताना माझ्या हातातली शेंग फुटायची राहिली. लहानपणापासून अडकलेलं काहीतरी सुटलं. येताना एसटीत मी तुम्हाला सांगायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "बायकांच्या गोष्टी आहेत गं त्या. पुरावा काय?"

मग ओट्यावरच्या उडीला कोणता पुरावा होता हो?

कादंबरी आली, लोकांना आवडली. घरी येणारे म्हणायला लागले, "वहिनी, घरातच इतिहासाचे प्राध्यापक, तुम्हाला काय, आयतं ताट." तुम्ही चष्मा काढून पुसायचात. हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे, की आता एक वाक्य बोलाल. 'नाही हो, ते सगळं तिचं आहे.' बस, एवढंच. तुमच्या जिभेला काय जड होतं त्यात?

आणि तो सत्कार आठवतो? सत्कार माझा, भाषण तुमचं. तुम्ही रंगात येऊन म्हणालात, "आणि शेवटी जेव्हा ती मुलगी कड्यावरून झेप घेते, तेव्हा वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर नारळ. माझ्या कादंबरीत शेवटच्या पानावर ती म्हातारी कापड मोजते आहे, आणि माझा नवरा व्यासपीठावरून तिला दरीत ढकलतो आहे.

तेव्हा मला कळलं, की तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलेलंच नाही. रिक्षात मी नारळ धरून बाहेर बघत बसले. तुम्ही म्हणालात, "दमलीस का?" हो, दमले होते.

स्मरणिकेतल्या शिंदेच्या लेखात तीच उडी आहे. 'सरांनी लोकस्मृतीतून शोधून काढलेली, कड्यावरून झेप घेणारी नायिका.' त्यानेही वाचलेलं नाही. मुखपृष्ठावरची मुलगी तिथूनच आली. म्हणजे बघा, ज्या गोष्टीसाठी मी इतके उन्हाळे शेंगा फोडल्या, ती गोष्ट तुमच्या नावाखाली छापली तर पुस्तकातली मुलगी जिवंत आणि मुखपृष्ठावरची मेलेली. आणि लोक मुखपृष्ठच लक्षात ठेवतात.

निखिलला सांगायचं राहिलं ते हे. माझं हे जातंय.

तुम्ही आजारी होतात तेव्हा मी एक शेवटचा प्रयत्न केला. दुपारची वेळ होती, तुम्हाला बरं वाटत होतं. पुस्तक घेऊन तुमच्या उशाशी बसले. म्हटलं, "शेवटचं प्रकरण वाचून दाखवू?"

"मला माहीत आहे शेवट," तुम्ही म्हणालात, आणि भिंतीकडे कूस वळवलीत.

माझ्यावर चिडून नाही. दुखत असेल, झोप येत असेल. मी स्वतःला हे वर्षभर समजावते आहे. पण पुस्तक तसंच मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले होते, तुम्हाला कळलं नाही. ते ऐकून मग गेला असतात तर आज हे पत्र वेगळं झालं असतं. कदाचित 'प्रिय' लिहिलंही असतं.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी वाईट बोलत नाहीये. तुम्ही खोटं कधीच बोलला नाहीत. तुमच्याबद्दल लोक खोटं बोलत राहिले आणि तुम्ही चष्मा पुसत राहिलात. आता चष्मा ड्रॉवरमध्ये आहे आणि उत्तर मला द्यायचं आहे.

तर ऐका. उद्या प्रकाशकांना मी नाही म्हणणार आहे. मुखपृष्ठावर कडा नको, दुकान हवं, कापडाचे तागे आणि मोजणारी म्हातारी. ते म्हणतील, खप कमी होईल. होऊ दे. ओवी कुणाकडून आली ते मनोगतात लिहीन, वैजंताबाईंच्या नावासकट. गेल्या आवृत्त्यांत ते नव्हतं, कारण मनोगताच्या जागी तुमची प्रस्तावना होती.

फोटो मात्र छापायचा, हे मी ठरवलंय. शिंदेने कापून छापलेला तो नव्हे. अल्बममधला अख्खा. त्यात मी आहे, सूप आहे, वैजंताबाई तोंडाला पदर लावून हसताहेत आणि जोत्यावर तुम्ही. खाली काय लिहायचं तेही ठरलंय. 'लेखिका मोसम खोऱ्यात संशोधन करताना. शेजारी त्यांची वही धरून त्यांचे पती.'

हे मी सूड म्हणून करत नाहीये, एवढा विश्वास ठेवा. तुमच्याबद्दल खोटं एक अक्षर छापू देणार नाही, कमी नाही आणि जास्त नाही, हे वचन देते. कारण फोटोच्या त्या दिवशी परतीच्या एसटीत लिहून संपलं आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा नाशिक आलं होतं. दोन्ही बाजूंनी माणसं रेटत होती, थर्मास पायात लवंडला होता, आणि वही तुम्ही छातीशी दोन्ही हातांनी धरली होती. एक पानही दुमडलं नव्हतं.

धरली होती नीट. तेवढं तुमचं. तेवढं छापते.

सुमती