शार्लटची शाल

कॉव्हेंट्री, २० जानेवारी २०२६

चि. सौ. स्वातीस, आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. ट्रेन चक्क वेळेवर होती! तुझं संक्रांतीचं हळदीकुंकू झकास झालं. माझ्या काळ्या चंद्रकळेचं सगळ्यांनी किती कौतुक केलं! फक्त तुझी ती बोट्सवानाची मैत्रीण, डिनेओ, वाण न घेताच का उठून गेली? लाडू जरा कडक झाले होते खरे. आणि तुझ्या लेकीने, मायराने, निघताना मला पापासुद्धा दिला नाही. फुगलीय का आजीवर? शाळेत ऐतिहासिक व्यक्ती व्हायचंय ना, तिला झाशीची राणीच कर. तलवार मी पाठवते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मधुमतीआत्या

कार्डिफ, २३ जानेवारी

ती. आत्यास, स्वातीचा सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगवलं नसतं, म्हणून लिहिते. लाडू कडक नव्हते, आत्या.

मायराला शार्लट मॅक्सेके व्हायचं होतं. ती १८९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून गायकांच्या चमूबरोबर इकडे गायला आली, पुढे अमेरिकेत पदवी घेतली, आणि काळ्या बायकांवर फिरण्याच्या परवान्याचे पास लादणाऱ्या सरकारशी भांडली. ही गोष्ट तिला डिनेओनेच सांगितली. हळदीकुंकवाच्या दिवशी डिनेओ मायराला घालायला स्वतःच्या आईची शाल घेऊन आली होती. तेव्हा तुम्ही मराठीत म्हणालात, की पोर आधीच सावळी, त्यात आणखी काळी बाई कशाला व्हायचंय. डिनेओने हसत मायराला विचारलं, आजी काय म्हणतायत. खोटं बोलायचं नाही, हे तिला तुम्हीच शिकवलंय. तिने सांगून टाकलं.

आणि मी हातात तबक घेऊन नुसती हसले. त्याची लाज अजून जात नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डवर डिनेओ आता माझ्याशी कामापुरतं बोलते. मायराला कोणीच व्हायचं नाहीये. आरशासमोर उभी राहून ती मला विचारते, की ती किती काळी आहे.

तुमची,
स्वाती

कॉव्हेंट्री, २७ जानेवारी

चि. स्वाती, आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

आधी तुझाच राग आला. सहज बोलून गेले, असं लिहायलाही बसले होते. पण इथे येऊन मला पन्नास वर्षं झाली, कौन्सिलशी मी इंग्रजीत भांडते. डिनेओशीसुद्धा शालीच्या विणीबद्दल इंग्रजीतच बोलत होते. ते एकच वाक्य मराठीत बोलले, तिला कळू नये म्हणून. म्हणजे ते वाईट आहे, हे बोलतानाच मला ठाऊक होतं.

मायराने रंग माझाच घेतलाय गं. मला दाखवायच्या वेळी आई तोंडाला पावडर थापायची, तेव्हा मी रडायचे. आणि आता मीच त्या पोरीला आरशासमोर उभं केलं. फार शरम वाटते.

शाळेचा कार्यक्रम शुक्रवारी आहे, मी गुरुवारी येते. तिळगूळ आणणार नाही. गोड बोला म्हणायला मला तोंड नाही. आधी डिनेओच्या दारात जाईन. तिने दार उघडलं नाही, तर तिचं बरोबरच आहे. उघडलं, तर जे बोलायचं ते इंग्रजीत बोलेन. मायराला मध्ये घालणार नाही.

लोभ वाढवायला सांगत नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तुझी,
मधुमतीआत्या