लिबर्टीच्या नाकावरचा तडा

रविवार, ४ मे २०२५. ओजिमा, जपान.
मिळवला! १७९८चा अमेरिकन सेंट, तांब्याचा. लिबर्टीबाईंच्या कपाळापासून नाकापर्यंत रेघ. म्हणजे नाणं पाडायच्या ठप्प्यालाच तडा गेलेला आणि तो नाण्यावर उतरलेला. असे नग दुर्मिळ. विकणाऱ्या आजोबांना कळलंही नाही.
समोरच्या बिल्डिंगमधल्या सदानंदला दाखवणार नाही. नाण्यांच्या क्लबचा सेक्रेटरी म्हणे. डोकं बेताचंच.

बुधवार, ७ मे.
कश्मिरा म्हणाली, एकदा सदानंदना विचारून घे. बायकोसुद्धा फितूर! रविवारी क्लबमध्ये त्याच्यासमोरच टॉक देतोय. त्याचं तोंड बघायचंय. जपानीचा सराव उद्यापासून.

शनिवार, १० मे.
सराव राहिला. ऑफिसात रिलीज. इंग्लिशमध्ये बोलेन, त्यांनाही सवय व्हायला हवी.
रेघ नीट दिसेना, म्हणून चिंच-मीठ लावून नाणं घासलं. काय झळकतंय! दोनशे वर्षांत कुणाला सुचलं नाही.

रविवार, ११ मे, दुपार.
टॉक दणक्यात. क्लबमधले सर्वांत ज्येष्ठ मोरिता-सान नाणं बघून नुसतं 'मुझुकाशी' म्हणाले. म्हणजे अवघड. विषय डोक्यावरून गेला बिचाऱ्यांच्या. टाळ्या नाहीत. जपानी शिस्त.
मग सदानंदने भिंग लावलं. बोलला हळू आवाजात, मराठीत, इतरांना कळू नये म्हणून. ढोंगी! म्हणे, ठप्प्याला भेग पडली की तांबं तिच्यात शिरतं, म्हणून नाण्यावरची रेघ उंच उठते. तुझी खोल आहे. नख फिरवून बघ. कुणीतरी खिळ्याने ओरखडलंय. आणि अंबरीष, हे नाणं तू घासलंस का रे? घासलं की किंमत जाते.
मी तिथल्या तिथे क्लब सोडला. नुकसान त्यांचं.

सोमवार, १२ मे.
नख फिरवलं. अडकतंय. नखं कापायला हवीत.

रविवार, १८ मे.
सकाळी बेल. दाराच्या भिंगातून बघितलं, सदानंद! सरळ बाथरूममध्ये शिरलो. कश्मिराला म्हटलं, सांग, कामासाठी ओसाकाला गेलाय.
वाटलं, जाईल. बसला. माझ्यासाठी खऱ्या तड्याचा सेंट आणलाय म्हणे, भेट. मला भीक घालतो! मग जेवायलाही थांबला. माझ्या घरात शत्रूला वरण-भात, वर तूप. दोघं हसत होती. दिवा लावला की पंखा वाजतो, म्हणून मी अंधारात, कोरड्या टबात, उपाशी.
अखेर निघाला. जाता जाता बाथरूमच्या दारावर टकटक केली. म्हणाला, टेबलावर ठेवलंय नाणं. ओसाकाहून आलास की बघ.
मी आतून 'बरं' म्हणालो.