हात पुसायचं फडकं

मी, बॅप्टिस्ट सायमन लोपीस, वय छप्पन्न, राहणार भुईगाव, ता. वसई, पूर्वीचा धंदा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मला काही आजार नाही. पुढच्या महिन्यात मला कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळणार आहे, आणि त्याआधी मृत्युपत्र करून टाका, असं बिशपसाहेबांनी सांगितलं आहे.

१. माझं ट्रम्पेट कळंबच्या हरेश्वरला. तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा, पण ट्रम्पेट फुंकून बघायची त्याला जन्माची हौस. आता फुंकू दे. शेजाऱ्यांनी सहन करावं.

२. बांधावरचा नारळ शेजारच्या स्टॅनीच्या बायकोला. झाड माझंच आहे, हे इथे पुन्हा लिहून ठेवतो. या झाडापायी स्टॅनी आणि मी बोलत नव्हतो. मरणाला टेकल्यावर मात्र त्याने मलाच बोलावलं. फादर दुसऱ्या गावी अडकले होते आणि गड्याला धीर नव्हता. माझ्यापुढेच पापं कबूल करायला लागला. मी अडवलं, बाबा, मी फादर नाही. तो म्हणाला, "मग हो फादर. बायको गेली, पोरगी उजवली. आता कोणाची वाट बघतोस?"

फादर वेळेवर पोचले, स्टॅनी नीट गेला. अडकलो तो मी. आधी हसण्यावारी नेलं, पण वरातीत वाजवतानाही तेच कानात. शेवटी फादर व्हायचं शिक्षण देतात त्या सेमिनरीत जाऊन विचारलं. या वयात हाकलून देतील असं वाटलं होतं, त्यांनी ठेवून घेतलं. देवाला निरोप धाडायला हाच माणूस सापडला, याचा थोडा राग अजून आहे.

३. राहतं घर व वाडी माझी एकुलती मुलगी लिडिया, राहणार आचोळे, हिला. काही कारणाने तिला मिळू न शकल्यास गावच्या चर्चला, एकट्या म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी. जागेवर बिल्डरांचा डोळा आहे, म्हणून गावात बोलतात की पोरीने घरासाठी बापाला फादर केलं. हे साफ खोटं आहे. जाऊ नको म्हणून ती माझ्या पाया पडली होती. या बोलण्यापायीच ती दीक्षेला येणार नाही म्हणते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

४. दीक्षेत नव्या फादरच्या हातांना तेल लावतात. ते ज्या फडक्याने पुसतात ते फडकं आईला देतात, आणि ती गेली की तिच्या हातात ठेवून तिला पुरतात. माझी आई नाही, बायकोही नाही. माझ्या मागे ते फडकं लिडियाला द्यावं. तोवर कपाटात, तिच्या आईच्या साडीखाली राहील.

५. हे कलम सही करण्याआधी वकिलांच्या ऑफिसात लिहीत आहे. ठरलेला दुसरा साक्षीदार आला नाही. लिडिया मला रिक्षाने घेऊन आली होती, बाहेर बसली होती. ती आत येऊन म्हणाली, मी सही करते. वकील वसुंधराताईंनी समजावलं की साक्षीदाराला या मृत्युपत्राने काहीच मिळत नाही. घर चर्चला जाईल.

"म्हणूनच करते," लिडिया म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ते फडकं कागदावरून नको, पप्पा. दीक्षेच्या दिवशी माझ्या हातात दे."

सबब कलम ४ खोडलं आहे.

सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करतो.

बॅप्टिस्ट सायमन लोपीस

साक्षीदार:
१. जयवंत म्हात्रे, खालचे झेरॉक्सवाले
२. लिडिया, मुलगी

वसई, दि. २२ नोव्हेंबर २०२५