ब्रेक कसा लागतो

४ नोव्हेंबर
सुमेधाच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आजपासून नगरला इम्युनोथेरपी. डॉक्टर कोण, तर अपूर्वा! अकरावीला बायॉलॉजीला माझ्याकडे होती. सामान्य मुलगी. समजावू लागली: टी-सेलवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवर, पीडी-वन नावाचा रिसेप्टर असतो. कॅन्सरची पेशी आपलं प्रोटीन त्याला जोडते, तो ऑन होतो, टी-सेलला ब्रेक लागतो. इंजेक्शन ती जोडणी अडवतं. मी दोन दुरुस्त्या सुचवल्या. सुमेधा म्हणाली, अहो, तिला बोलू द्या.

९ नोव्हेंबर
वाचन. टी-सेल लढायला उठला की हा रिसेप्टर स्वतःच अंगावर चढवतो म्हणे, आपल्याच शरीराची नासधूस नको म्हणून. भित्रेपणा! संकल्प: या घरात ब्रेक नको.

२२ डिसेंबर
गाठ लहान झाली. मी रोज देतो त्या काढ्याचा गुण. अपूर्वा म्हणाली, इंजेक्शन. श्रेय द्यायला दानत लागते.

८ जानेवारी
सुमेधाला जुलाब. ब्रेक सुटलेले टी-सेल आतड्यावरच उठलेत म्हणे. स्टेरॉइड दिलंय. एकही गोळी चुकवू नका सर, असं अपूर्वानं दोनदा बजावलं. म्हणजे उठवलेले टी-सेल पुन्हा झोपवायचे? हिला अकरावीतही कळत नव्हतं.

११ जानेवारी
निर्णय घेतला. गोळ्या मीच देतो, त्यामुळे सोपं. स्टेरॉइडऐवजी व्हिटॅमिन सी. सुमेधाला सांगितलं नाही, पेशंटला टेन्शन नको. आज आंबट का लागतेय, विचारत होती. म्हटलं, कंपनी बदलली.

१५ जानेवारी
जुलाबात रक्त. टी-सेल फॉर्मात! सुमेधा भिंत धरून चालते. अपूर्वाला फोन लावा म्हणाली. म्हटलं, उद्या बघू.

१६ जानेवारी
मेव्हणा मार्तंड पारनेरहून न कळवता आला. बहिणीला उचलून थेट गाडीत घातलं. आतडं फुटलं होतं. मोठं ऑपरेशन. अपूर्वानं विचारलं, सर, स्टेरॉइड कधी बंद केलंत? मी पीडी-वनपासून सुरुवात केली. ती ऐकून न घेता ऑपरेशन थिएटरकडे गेली. शिष्टाचार राहिला नाही.

३० जानेवारी
सुमेधा शुद्धीवर. इंजेक्शन आता कायमचं बंद, पुन्हा धोका घेता येणार नाही. गाठ कमी होत होती ना, असं सुमेधानं विचारलं. अपूर्वानं होकारार्थी मान हलवली. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. खोलीत एसी फार होता.

१० फेब्रुवारी
डिस्चार्ज. सुमेधा काही दिवस पारनेरला माहेरी. मीही मार्तंडच्या गाडीत मागे बसलो होतो. सुमेधा दार धरून म्हणाली, उतरा. तिला आडवं व्हायचं असणार. घरी जायला राहुरीची एसटी लगेच लागली. खिडकीही मिळाली.