साली आईच्या

मंगळवार, संध्याकाळ. राजापेठ.

आत्ताच अंजनगावहून, माहेरून परतले. हातांना अजून जंभेरीचा वास येतोय.

जंभेरीला, त्या आंबटढोण जाड सालीच्या लिंबाला, आमच्याकडे कोणी फळ मानतच नाही. नर्सरीवाला बिया नेतो, रोपं करतो, त्यावर संत्र्याचं कलम बांधतो. बाकी सगळं उकिरड्यावर. आमच्या घरी मात्र साली आईच्या. ओल्या फडक्याखाली टोपल्यात ठेवायची, मग लोणचं घालायची. पित्त झालं, तोंडाची चव गेली की रसाचं सरबत. राजापेठेत विकू म्हणायची. "संत्र्याले सारे इचारतात. थे जिच्यावर उभं हाय, तिले कोणी नाही." आम्ही हसायचो. राहिलंच ते.

ती गेल्यावर बियांचा हा पहिलाच हंगाम. आज स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर तेच टोपलं, तेच ओलं फडकं. खाली साली, बुरशीने हिरव्या झालेल्या. बाबांनी एकट्यानेच फळं कापली, बिया नर्सरीवाल्याला दिल्या, आणि साली इथे आणून ठेवल्या. फडकं रोज ओलं करत होते की काय? साली नासल्यात, फडकं ओलं!

"बाबा, हे काहून ठेवलं?"

"मंग? साली तं तिच्या राह्यतात."

मी टोपलं उचलून उकिरड्यावर रिकामं केलं. बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं, पिळलं, नीट झटकून तारेवर टाकलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"औंदा लय उशीर केला तिनं."